मोहाखाली झाडलेली जागा

बुधवार, १० एप्रिल १९५७. मुक्काम चांदा.

समोर पट्ट्यांचे दोन डाले आहेत. जखमांवरून सुटलेल्या, सोड्यात उकळलेल्या, उन्हात वाळवलेल्या पट्ट्या. त्या ताणून, सरळ करून, घट्ट गुंडाळून ठेवल्या की परत कामाला येतात. दवाखान्याच्या धुलाईखोलीत हे काम माझं. वीस पट्ट्या झाल्या की हात पुसून थोडं लिहायचं, असं आज सकाळी ठरवलं. उद्या एका कागदावर एका बाईचा अंगठा व्हायचा आहे. त्याआधी सगळं एकदा सरळ मांडून ठेवलेलं बरं. नंतर माणूस आपल्या सोयीने आठवतो.

हे येनटोल्यात राहिलेल्यांसाठी आहे आणि तिथून निघालेल्यांसाठीही. आपल्यातले काही नागपूरच्या गिरणीत आहेत, काही कोळशाच्या खाणीवर. माझी एस्तेर नागपूरला नर्सिंग शिकते. गावाचं खरं नाव येनटोला नाही आणि जिचा अंगठा हवा आहे तिचं नाव सकू नाही. अंगठा झाला तर खरी नावं कागदावर येतीलच. तोवर हीच चालवते.

आम्ही निघालो ते १९५३ च्या मे महिन्यात. सकाळीच बैल जुंपून खाचर दारात आणलं. जातं जड म्हणून ठेवलं. छपरावरची कवेलू काढता येत नव्हती, ती राहिली. भांडी, दोन गोधड्या, विळा, कुऱ्हाड, तांदळाची कोथळी, एस्तेरची पाटी. एवढ्यात खाचर भरलं. सगळ्यात शेवटी शांतवनने, माझ्या नवऱ्याने, अंगणातला खराटा आणून त्यावर ठेवला. मी तो उचलून फेकून दिला.

"तिथी कोनतं अंगण हाये झाडाले?" मी म्हटलं.

त्याने खराटा पुन्हा उचलला नाही.

निरोपाला कोणी आलं नाही. दारं अर्धी लावलेली होती आणि प्रत्येक फटीत कोणीतरी होतं. शेजारची सकू तेवढी खाचर तिच्या दारावरून जाताना पुढे आली, वाळलेल्या मोहफुलांची पुरचुंडी एस्तेरच्या मांडीवर ठेवली आणि पाठ फिरवून आत गेली. पुढे वैनगंगा उतरलो. पाणी गुडघाभर होतं, बैलांना त्रास झाला नाही. मूल स्टेशनात छोटी गाडी मिळाली. एस्तेर बारा वर्षांची, आगगाडी पहिल्यांदाच पाहत होती. ती चांद्यापर्यंत हसत होती. त्या दिवशी हसलेली ती एकटीच.

मी मिशनच्या बोर्डिंगात वाढलेली. आईबाप पटकीत गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्यांचं एकही वाक्य मला आठवत नाही. बोर्डिंगात लिहायला-वाचायला शिकले, टाके घालायला शिकले आणि सतराव्या वर्षी येनटोल्याला सासरी गेले. माझं म्हणून जे पहिलं घर, ते तेच. म्हणून ज्यांना "गाव सुटलं, त्यात काय, दुसरं मिळालं" असं वाटतं, त्यांना माझं म्हणणं कदाचित कळणार नाही.

वीस घरांचा टोला. बहुतेक घरं गोंडांची, ख्रिस्ताचं नाव घेणारं घर आमचं एकच. सासरे, याकोबबाबा, तरुणपणी ख्रिस्ती झाले, पण टोला सोडून गेले नाहीत. टोल्यानेही त्यांना टाकलं नाही. रोवणीला आम्ही त्यांच्या धानाच्या बांधीत, ते आमच्या. मयताला सगळे एकत्र. हे मुद्दाम लिहिते, कारण इथे शहरात आमची गोष्ट ऐकली की लोक आधीच मान डोलावतात. त्यांना वाटतं, धर्मावरून छळलं असेल. तसं नव्हतं. तसं असतं तर सोपं होतं.

सासऱ्यांचं एक वाक्य घरात सतत असायचं. "मार्ग पुसला नाई तं चालते. पन पुसला अन् मंग चालला नाई, तं थे पाप हाये." शांतवनने ते वाक्य असं धरलं होतं की तो सगळंच देवाला विचारायचा. धान कधी टाकायचं, कोणता गोऱ्हा ठेवायचा, एस्तेरला शाळेत पाठवायचं का. डोळे मिटून बसायचा. उठला की उत्तर तयार. ती उत्तरं पाळता पाळता काम मात्र माझं वाढायचं.

मोहाचंच सांगते. जंगलातलं गाव म्हणजे जमीन जंगलखात्याची. प्रत्येक घराला खात्याकडून कसायला पट्ट्याने बांध्या मिळायच्या, प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली. आमची सात. फुलं गळायला लागण्याआधी झाडाखालचा वाळला पाला काढावा लागतो, नाहीतर पहाटे पडलेली फुलं पाल्यात शिरतात आणि दिवसभर वेचूनही डाला भरत नाही. सगळा टोला पाल्याला काडी लावायचा. घडीभरात जमीन साफ. खात्याची मनाई होती, पण गार्डालाही मोहफुलं लागायची, तो बघून न बघितल्यासारखा जायचा. शांतवन म्हणाला, पट्टा घेताना जाळणार नाही म्हणून कबूल केलं आहे. मग तो डोळे मिटून बसला. उत्तर आलं, जाळू नका, झाडून घ्या.

झाडायचं कोणी? मी. दरवर्षी फाल्गुनात सात झाडांखाली खराट्याने लाल माती दिसेपर्यंत झाडायचं. सकूची झाडं आमच्या झाडांना लागून. ती काडी लावून मोकळी व्हायची आणि मग बांधावर बसून माझी गंमत बघायची.

"तुमचा देव मोठा हुशार हाये वो बाई," ती एकदा म्हणाली, "हुकूम देते भाऊले, अन् खराटा देते तुले!"

मी हसले होते. अशी माणसं शेजारी असली की कंबर कमी दुखते. एस्तेरच्या बाळंतपणात मला सोडवलं तेही तिनेच.

वीस पट्ट्या झाल्या.

त्रेपन्नच्या मार्चात वारं फार होतं. मी तिसऱ्या झाडाखाली होते. सकूच्या बाजूने धूर आला. बघितलं तर ती ओली फांदी घेऊन आगीवर मारत होती आणि आग तिच्या हाताखालून पुढे पळत होती. मी खराटा टाकून धावले. दोघींनी मिळून मारली, पण ती बांबूत शिरली आणि मग आमच्या हातात राहिली नाही. तीन दिवस जंगल जळत होतं. बांबू गेला, सागाची लागवड गेली, लिलावासाठी रचलेली लाकडं गेली. माणूस कोणी गेलं नाही, एवढंच.

सकू तेव्हा काळ्या झालेल्या हातांनी माझा दंड धरून म्हणाली होती, "कोनाले सांगजो नको वो." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी जंगलखात्याचे साहेब आले. म्हणाले, ज्याने लावली त्याचं नाव द्या, नाहीतर वीसही घरांचे पट्टे जातील. पाटलांनी गावाची रीत काढली. सकू आणि पाटील दोघांच्याही देवाची जागा एकच, टोल्याबाहेरच्या येनाच्या झाडाखाली. तिथे पाण्याने भरलेला तांब्या ठेवायचा. प्रत्येक घराने त्याला हात लावून म्हणायचं, मी आग लावली नाही. खोटं बोलेल त्याला देव बघून घेईल आणि जो हात लावणार नाही तो गुन्हेगार. तीन दिवसांनी जमायचं ठरलं.

शांतवनला मी पाहिलेलं सगळं त्याच दिवशी सांगितलं. तो तीन दिवस विचारत राहिला. जेवला नाही. मी दोनदा म्हटलं, देवाला एवढा वेळ का लागतो आहे. तिसऱ्या दिवशी तो उठून म्हणाला, "तू पाह्यलं थे खरं हाये. पन तिचं घर मोडून आपलं घर वाचव, असं मले कोनी सांगून नाई राह्यलं. अन् शपथ मी घेत नाई. प्रभूनं मना केली हाये."

"मंग आपलं घर?"

"थे त्याच्या हातात."

मला तेव्हाही वाटलं होतं की घर आपल्या हातात असलेलं बरं.

येनाखाली एकोणीस घरांनी तांब्याला हात लावला. सकूच्या नवऱ्याने लावला. त्याला बहुधा माहीतच नव्हतं. बायकांतून सकूनेही लावला. तिचा हात लागला तेव्हा तांब्यातलं थोडं पाणी सांडलं, एवढं मला आठवतं. मग शांतवन पुढे झाला.

"आग मी लावली नाई, माह्या घरानं लावली नाई. हे सांगतो. पन तांब्याले हात लावत नाई."

पाटील वाईट माणूस नव्हते. ते समजावत होते. "शांतवनभाऊ, हात लावाले तुह्यं काय जाते गा? पानीच तं हाये."

"पानीच हाये, तं माह्या शब्दावर काऊन भागत नाई?"

मागून एकजण म्हणाला की, सगळ्यांच्या झाडाखाली राख आहे, याच्याच झाडाखाली नाही. "याची जागा एवढी साफ कशी? राख झाडून टाकली यानं." साहेबांनी मान वर केली. ते आमच्या झाडांपाशी जाऊन आले. सात झाडांखाली लाल माती, खराट्याच्या रेघांसकट. त्यांनी वहीत लिहून घेतलं. अख्ख्या टोल्यात न जाळणारं घर आमचं, आणि न जाळल्याची खूण हाच आमच्यावरचा पुरावा झाला. त्या रेघा मी ओढल्या होत्या.

सकू माझ्यापुढे उभी होती. तिच्या मानेवर भाजल्याचा फोड होता. मला एक वाक्य बोलायचं होतं. शांतवनने माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प बसले. लोक पुढे चर्चमध्ये म्हणाले, मार्थाबाईंचा विश्वास मोठा. विश्वास वगैरे काही नव्हता. नवऱ्याने बघितलं म्हणून गप्प बसले.

टोल्यातल्या लोकांनो, तुम्हाला खरं काय ते तेव्हाच माहीत होतं. सगळ्यांना नसेल, निम्म्यांना होतं. सकूची झाडं कुठे आहेत आणि वारं कुठून होतं, हे कळायला साहेब लागत नाही. पण एकाच्या जाण्यात एकोणीस वाचत होते. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारून पाहिला आहे. उत्तर तुम्हाला सांगण्यासारखं नाही.

साहेबांनी आमचा पट्टा काढून शेजारच्या घराला दिला. शेजारचं घर म्हणजे सकूचं. बांध्या, सात मोह आणि बांधीच्या कोपऱ्यातली याकोबबाबांची कबर. कबर म्हणजे काय, चार दगड.

दुसरा डाला घेतला. यातल्या पट्ट्यांचे डाग जात नाहीत. त्या पायांच्या जखमांसाठी ठेवतात.

चांद्याला शांतवन रेल्वेच्या सायडिंगवर कोळसा भरायला लागला. मी बोर्डिंगातली जुनी ओळख काढून या दवाखान्यात धुण्याला लागले. एक खोली मिळाली. खिडकीतून रूळ दिसतात. तिकडे सकाळी उठलं की आधी मोहाचा वास यायचा. इथे उठलं की दगडी कोळशाचा धूर. तिकडे मीठ आणि कापड सोडून काही विकत घ्यावं लागायचं नाही. इथे सरपणापासून लिंबापर्यंत सगळं विकत. सहा महिन्यांत मी "ड्युटी", "वॉर्ड", "लाईन" असं बोलायला लागले. शांतवन शेवटपर्यंत सायडिंगला "तिथी गाडीपाशी" असंच म्हणायचा.

त्याने अर्ज केले. पाच की सहा. प्रत्येक अर्जाआधी डोळे मिटून बसायचा. नंतर छप्पन्नमध्ये राज्य बदललं, नागपूरची कचेरी मुंबई राज्यात आली, फायली इकडच्या तिकडे झाल्या. आमचे अर्ज कुठल्या गठ्ठ्यात आहेत हे कोणाला सांगता येईना. पाळकसाहेब म्हणायचे, देव न्याय करील, वाट बघा. मी वाट बघायला नको म्हणत नाही. पण वाट बघताना माणूस खोकतो, त्याचं काय, हे कोणी सांगत नाही.

पंचावन्नच्या पावसाळ्यात तो अंथरुणाला खिळला. बापाशेजारी पुरा म्हणाला. मी हो म्हटलं; दोघांनाही माहीत होतं की ते होणार नाही. शेवटच्या आठवड्यात मी त्याला सरळ विचारलं. आता विचारलं नाही तर कधी विचारणार होते?

"मार्ग बरोबर होता म्हनता, तं मंग आपन इथी काऊन आलो?"

त्याने श्वास जमवला. मग म्हणाला, "मार्ग बरोबर होता असं म्हनतो मी. मुक्काम बरा हाये असं कवा म्हनलं?"

त्याला इथल्या कबरस्तानात पुरलं. जमीन खडकाळ आहे, खणायला दोन दिवस लागले.

तेव्हापासून मी प्रार्थना करते, पण मार्ग विचारत नाही. सोडा संपू नये, एस्तेर पास व्हावी, गुडघ्याला बरं वाटावं, एवढंच मागते. देव नाही असं मी म्हणत नाही. तो आहे, आणि तो बोलला नाही. दोन्ही खरं आहे. चर्चमध्ये हे बोलता येत नाही म्हणून इथे लिहिते.

आता सकूचं.

आठ दिवसांपूर्वी एक खाचर दवाखान्यात आलं. पहिलटकरीण पोर, दोन दिवस अडलेली. चादरी गोळा करायला गेले तर व्हरांड्यात सकू बसलेली. म्हातारी झाली आहे. पोर म्हणजे तिची जनी. आमच्या एस्तेरबरोबर खेळायची. डॉक्टरबाईंनी सोडवलं, बाळ-बाळंतीण दोघं ठीक आहेत. त्या चादरी मीच धुतल्या.

दोन दिवस आम्ही एकमेकींना पाहिलं नाही असं चालवलं. तिसऱ्या दिवशी ती आवारात तीन दगडांवर पेज शिजवत होती. मी सोडा न्यायला जात होते.

"रागात हायेस का वो अजून?" ती म्हणाली.

"कामात हाये."

"बस ना मंग. कामात असनारी बाई बसत नाई का?"

बसले. तिने शांतवनचं विचारलं. सांगितलं. तिने चुलीत काटकी सरकवली.

"तुले दिसलो होतो मी," ती म्हणाली. "तू काऊन नाई बोलली? मी तं रोज वाट पाह्यत होतो का आता बोलन, आता बोलन."

"मले मना केलं होतं."

"भाऊनं?"

"भाऊले त्याच्या देवानं."

"अन् माह्या देवानं मले काई नाई केलं," सकू म्हणाली. "खोटा हात लावला, तं चार वर्सं झाली, बैलबी मेला नाई. धान पिकते. आता नातू झाला. तुमचा देव तुमच्यावर रुसला अन् माहा माह्यावर रुसाले इसरला. कोनावर भरोसा ठेवाचा वो, सांग?"

मला हसू आलं. ते तिने बघितलं, मग तीही हसली. या गोष्टीवर हसता येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी विचारलं, "बाबाच्या जागेवर नांगर घातला?"

"नाई. धनी घालाले गेला होता एकडाव. मी बैलापुढं आडवी झालो."

"अन् मोहाखाली?"

"जाळतो. काय करू? तुह्यासारखी कंबर नाई माही."

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याच्या कारकुनाला सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, कचेरीत नवे साहेब आले आहेत, माणूस ऐकणारा आहे. जिने लावली तिनेच लिहून दिलं तर प्रकरण पुन्हा उघडेल, नाव साफ होईल, पट्टाही परत मिळू शकेल. त्यांनीच मजकूर लिहून दिला. एक पान. खाली अंगठ्याला जागा सोडली आहे. काल मी तो सकूला वाचून दाखवला. मला वाटलं ती उठून जाईल.

"बरोबर लिवलं हाये," ती म्हणाली. "लावतो अंगठा."

मी कागदाची घडी घातली.

"पन मंग आमी कुठी जाचं, थे बी लिव्ह त्याच्यात. पावसाळ्याआधी जा लागन ना? तुमच्यासारखं? जनी अन् थ्या आठ दिवसाच्या लेकरालेबी घेऊन?" ती रागाने बोलत नव्हती. वाट विचारावी तसं विचारत होती. "गुरवारी सकारी खाचर येते आमचं. त्याच्या आधी लावतो. तू येजो कागद घेऊन."

उद्या गुरुवार.

पट्ट्या संपत आल्या. ऊन कललं आहे.

आज दुपारी मी एक गोष्ट केली जी दोन वर्षांत केली नव्हती. डाल्यापाशी बसून डोळे मिटले आणि विचारलं. उत्तर आलं नाही. कपडे वाळायच्या दोऱ्या वाऱ्याने हलत होत्या, त्यांचा आवाज आला. शांतवनला काय ऐकू यायचं कोण जाणे.

मग माझ्या पद्धतीने विचार केला. समजा पट्टा परत मिळाला. बांध्या कोण करणार? एस्तेर येणार नाही, येऊही नये. मी चौरेचाळीस वर्षांची, गुडघा गेलेली. शांतवन इथल्या खडकात. तिकडे गेले तर जी दारं तेव्हा अर्धी लावलेली होती ती पूर्ण उघडतील, पाटील रामराम करतील, बायका पाणी देतील. ते पाणी मला घशाखाली उतरवावं लागेल. आणि सकूच्या दारात खाचर लागलेलं मी माझ्या दारातून बघेन. खाचरात काय काय मावत नाही ते मला माहीत आहे.

मग राहिलं शांतवनचं नाव. साहेबांच्या वहीतून ते खोडलं जाईल. ज्यांनी ते लिहू दिलं त्यांना तो निर्दोष होता हे आधीपासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना तो कोण हेही माहीत नाही. आणि ज्या सकूला त्याने वाचवलं तिला त्याच्याच नावासाठी बाहेर काढायचं. त्याला विचारलं असतं तर तो डोळे मिटून बसला असता. उत्तर काय आलं असतं तेही मला माहीत आहे, आणि मला ते आवडलं नसतं.

पण नाही केलं तर काय उरतं? काही नाही. अन्याय आहे तिथेच राहतो. चार वर्षं मी एका अंगठ्याची वाट बघत होते. तो उद्या समोर येणार आहे आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. कागद पदराला बांधला आहे.

तुम्ही निघालेले सगळे पत्रांतून विचारता, आता घर कुठलं म्हणायचं? माझ्याकडे एवढंच आहे. ज्या जागी माझ्या माणसाच्या शब्दावर भागलं असतं, ते घर. तशी जागा मला येनटोल्यात मिळाली नाही, इथेही मिळालेली नाही. पुढे मिळेल असं वाटत नाही. शांतवनला ती मिळाली असेल तर बरं आहे. मला खात्री देता येत नाही.

पट्ट्या संपल्या.

गुरुवार.

उजाडताना भट्टी पेटवायला आले. दवाखान्याच्या आवारात, धुलाईखोलीच्या मागे, भट्टीशेजारी, एक मोहाचं झाड आहे. चार वर्षांत मी त्याचं एक फूल उचललं नव्हतं; रोग्यांच्या पायाखाली सगळी जातात. झाडाखाली सकू उभी होती. पदराची ओटी करून चार फुलं वेचली होती आणि पायाने पाला एका जागी लोटत होती.

"आलीस? आन तुहा कागद," ती म्हणाली. आणि हात पुढे करून, "पन आधी काडी दे वो बाई. एवढा पाला जाळून घेतो, फुलं दिसून नाई राह्यली. जनीले नेतो दोन मुठी."

ती गंमत करत नव्हती. तिच्या डोक्यात दुसरं काही आलंच नव्हतं. मोहाखाली पाला दिसला की काडी.

मी पदराची गाठ सोडली, कागद काढला, त्याची सुरळी करून भट्टीत ठेवली आणि काडी लावली. कागद कोरडा होता, लगेच धरला. वर काटक्या घातल्या, मग कोळसा.

"काय जाळलं वो?"

"कागद."

सकू भट्टीकडे बघत राहिली. मी तिला क्षमा केली असं कोणी समजू नये. प्रभूने सांगितलं म्हणून केलं असंही मी म्हणणार नाही. मला कोणी काही सांगितलं नाही. हलकं वाटलं नाही. फाटकापाशी तिचं खाचर येऊन लागलं होतं, बैलांच्या घंट्या वाजत होत्या. ते आज येनटोल्याला परत जाणार होतं, एवढंच मला दिसत होतं.

तिचा हात काडीसाठी अजून तसाच पुढे होता. धुलाईखोलीच्या दारामागे माझा खराटा असतो. तो आणून मी तिच्या हातात दिला.

"झाड," मी म्हटलं. "इथी जाळत नाईत."